सुधाकरची कांगोची सीडी

मंगळवार, दुपार.
बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. माफ करा. गप्प राहणं सोयीचं होतं, म्हणून गप्प होते.

सुधाकरला चोर मी ठरवलं.

तो गेला त्याला आज नऊ दिवस झाले. उद्या दहावा.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. सुधाकर दहिसरचा, शाळेपासूनचा माझा मित्र. बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. हळदीला, गणपतीला, कुणी बोलावेल तिथे.

त्याचा मामेभाऊ बोटीवर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक सीडी आणून दिली. कांगो देशातल्या नाचाच्या गाण्यांचा संग्रह, एकेक गाणं एकेका बँडचं. कव्हरवर पिवळ्या सुटातला माणूस, हातात गिटार.

या संगीताला सुकूस म्हणतात, हे मीच त्याला कव्हरवरून वाचून सांगितलं.

"वंदे, ऐक ना," तो म्हणाला. "अर्ध्यावर गाणारे गप्प बसतात बघ. मग नुसती गिटार सुटते. आपल्या हळदीत तरी शब्द कोण ऐकतं? लोकांना नाचायचं असतं. ह्यांना ते बरोब्बर माहितीय यार."

त्यातलं एक गाणं बसवायला त्याने अख्खा उन्हाळा घालवला. आठ-दहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, मागे जायचं, परत. दोन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या. एक त्याने बेंजोवर घेतली, दुसरी कॅशिओवाल्याला शिकवली.

त्याची आई आतून ओरडायची, "रे सुध्या, त्या मेल्याक जरा गप बसांदे."

ती धून वाजली की हळदीत खुर्चीवर कोणी उरायचं नाही. गुडघे दुखणाऱ्या बायकासुद्धा उठायच्या.

मी तेव्हा शाळेतली नोकरी सांभाळून निवेदन करायचे. आमच्याकडे पार्टीवाले आधी निवेदकाच्या हातात चिठ्ठी देतात. कुठलं गाणं, कोणाचं.

मंडळाच्या कार्यक्रमात सुधाकरने दिलेली चिठ्ठी अशी होती:
"सुकूस. देश कांगो. मूळ कलाकार तिकडचे. सीडी ऐकून आम्ही फक्त बसवली."

मी चिठ्ठी वाचली. घडी घालून फाईलमध्ये ठेवली.
आणि माईकवर म्हणाले, "आता ऐकूया, आपल्या सुधाकरने स्वतः रचलेली धून."

खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "चिठ्ठी वाचलीस ना?"
"वाचली."
"मग खोटं कशाला बोललीस?"
"अरे, कांगो म्हटलं असतं तर कोणी टाळी वाजवली नसती."
"टाळी मागितलेली का मी तुझ्याकडे? पुढच्या वेळी नीट सांग."

पुढच्या वेळेपर्यंत त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता.

मागच्या वर्षी कोणीतरी तो व्हिडिओ आणि मूळ गाणं शेजारी शेजारी लावून टाकलं. वर लिहिलं, चोर. खाली शेकडो कमेंट. काही आपल्याच ओळखीतल्यांच्या.

व्हिडिओत मी दिसत नाही. कॅमेरा त्याच्यावर आहे. माझा फक्त आवाज येतो.

त्याचा फोन आला. "तू एक पोस्ट टाक ना गं. तुझं लोक वाचतात. फक्त एवढंच लिही, की मी चिठ्ठी दिली होती."
"टाकते," म्हणाले.

तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा वाक्यं अशी होत गेली की शेवटी मीच बरी दिसायचे. "उत्साहाच्या भरात" वगैरे. पुसून टाकलं.
वाक्यं खोटी होती म्हणून पुसली, असं मी स्वतःला सांगत आले. शाळेतले पालक वाचतील, ही भीती होतीच. जास्त कुठलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याने परत विचारलं नाही. माझं नावही कुठे घेतलं नाही.

पार्टीच्या मालकाने त्याला सांगितलं, "दोन महिने घरी बस." त्याला परत कोणी बोलावलंच नाही. त्याने बेंजो टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि एका मेडिकलमध्ये डिलिव्हरीचं काम धरलं.

तो त्यामुळे गेला, असं मी म्हणत नाही. डॉक्टर हार्ट म्हणाले. पण गेला तेव्हा चोर म्हणून गेला, एवढं मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी घरी गेले होते. त्याची बायको रंजना मोबाईलवर तोच व्हिडिओ बघत होती. मला जवळ बसवून म्हणाली, "हे कोण बोललं गं माईकवर, स्वतःची धून म्हणून? हे मला कधी सांगायचेच नाहीत. तुला आवाज ओळखू येतो का?"

मी म्हणाले, "नाही गं. फार गलका आहे."

ती चिठ्ठी माझ्या फाईलमध्ये सापडली. फोटो खाली जोडला आहे. अक्षर सुधाकरचं आहे. ज्यांनी ज्यांनी तेव्हा लिहिलं होतं, त्यांनी कृपया वाचावी.
कमेंटमध्ये माझं सांत्वन करू नका.

रंजना फेसबुकवर नाही. म्हणजे हे इथे लिहून माझी सुटका होत नाही.

सुध्या, तू मागितलेली पोस्ट ही. तुझ्या काही उपयोगाची राहिली नाही.
जा बाबा. नीट जा.

उद्या: दहाव्याची माणसं जमायच्या आत रंजनाच्या हातात चिठ्ठी देणे, आणि तो आवाज माझा होता हे सांगणे.