कावेरीतला फियॉर्ड

आमच्या घरमालकांइतके डोंगर आणि इतकी तळी उभ्या हिंदुस्थानात कुणाला तोंडपाठ नसतील, आणि तरी वयाची साठी उलटेपर्यंत या गृहस्थांनी देवळाच्या गोपुराहून उंच असं काही पाहिलेलं नव्हतं. कुंभकोणमच्या सपाट भातशेतीत जन्मलेल्या माणसाचा यात काय दोष? एकोणीसशे पन्नासच्या दशकात बँकेनं माझी साताऱ्याहून तिकडे बदली केली, तेव्हा गावाच्या मेलकावेरी भागातलं त्यांचं पुढचं अर्धं घर मी भाड्यानं घेतलं. त्यांचे पूर्वज मराठेशाहीत तंजावरकडे आले आणि तिथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून मला वाटे, एखादं जुनं दप्तरच बोलतंय. माझं ऐकून त्यांना वाटे, हा मनुष्य फार घाईत आहे.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, पण भूगोल काही निवृत्त झाला नव्हता. सुट्टी लागली की लोक पळणीला, रामेश्वरला देवाला जात. घरमालक माजघरातल्या झोपाळ्यावर बसून नॉर्वेला जात. कुठल्याशा जहाज कंपनीकडून मागवलेली सहलींची रंगीत पत्रकं मांडीवर, हातात कॉफीचा पेला. मी कचेरीत निघालो की हमखास हाक यायची, "रायर, आज आल्प्स बरे दिसत नाहींत. ढग आहेत." तिकडच्या मराठी माणसाला सगळे रायरच म्हणतात. मीही छत्री घेऊन निघत असे.

फियॉर्ड हा त्यांचा विशेष जिव्हाळ्याचा विषय. बर्फाची नदी डोंगर खरवडत समुद्राकडे जाते आणि मागे राहिलेल्या खोल दरीत समुद्र शिरतो, हे मला काही केल्या समजेना, म्हणून एका मे महिन्यात त्यांनी सोडावाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणवली. कावेरी कोरडी पडली होती. तिच्या पात्रातच वाळूचा डोंगर रचला, खाली खड्डा खणून चार घागरी समुद्र ओतला, आणि मी, बँकेतला जबाबदार माणूस, धोतर खोचून हिमनदी ढकलू लागलो. निम्म्या वाटेवर हिमनदी मुठीएवढी उरली. मान वर करून पाहतो तो धोब्याच्या गाढवानं समुद्र पिऊन टाकलेला. घरमालकांनी गाढवाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "ओहोटी."

त्यांच्या पत्नीला सारी गल्ली अक्का म्हणे. एके दिवशी पानावर भात वाढता वाढता अक्का म्हणाल्या, "इतकीं वर्षें कानानें डोंगर पाहिलें. एकदां डोळ्यानें पाहूं द्या कीं. कोडैकानल काय दूर आहे?"

घरमालकांची सबब तयार होती. "तेथलें तळें खरें नव्हे. माणसानें बांधलेलें."

मग थंडी आडवी आली, मग गुडघा. शेवटी अक्कांनी जाहीर केलं, "तुम्ही न याल तर मी रायरांबरोबर जातें." त्या संध्याकाळी ते मला नदीच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. बराच वेळ पंच्यानं पायरीच झाडत बसले. मग हळूच म्हणाले, "रायर, तीस वर्षें मुलांना सांगितलों. तें तसें नसेल तर?"

पण आले. घाटात बस वळू लागली तसे त्यांनी डोळे गच्च मिटले, आणि दर वळणाला "आतां तीन हजार फूट, आतां चार" असं मिटल्या डोळ्यांनी सांगत राहिले. वर पोचलो तो धुकं! दोन दिवस हाताचं बोट दिसेना. मला वाईट वाटलं. घरमालक मात्र भलतेच खुशीत. माकडटोपी चढवून कड्याकाठी उभे राहिले आणि त्या पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवत दऱ्या, शिखरं, झरे सांगू लागले. भोवती हीऽ गर्दी जमली. मद्रासचे एक वकील तर "स्थळ छान पाहून झालं," म्हणून समाधानानं परत गेले.

तिसऱ्या सकाळी, परतीच्या बसला तासभर असताना, धुकं एकाएकी उठलं. पायाखालून दरी थेट खाली गेलेली, पलीकडे डोंगरामागं डोंगर, निळ्यामागं निळे, आणि फार खाली उन्हात चकाकणारं मैदान.

"तें शिखर कोणतें?" अक्कांनी विचारलं.

घरमालकांनी बोट उचललं, आणि तसंच खाली घेतलं.

"अहो, तें?"

घरमालक म्हणाले, "मी मुलांना चूक सांगितलों."

"काय चूक?"

"लहान सांगितलों."

खालून बसचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. दोघांपैकी कुणी हललं नाही. मी एकटाच स्टँडवर जाऊन दुसऱ्या दिवसाच्या जागा सांगून आलो. परत आलो तेव्हा घरमालक गवतावर बसले होते. देवळात काढाव्यात तशा चपला त्यांनी कडेला नीट काढून ठेवल्या होत्या, आणि थंडीनं पावलं निळी पडली होती. अक्कांनी आपल्या शालीचं टोक त्यांच्यावर टाकलं.

आज दोघंही नाहीत. त्या सकाळी मी त्यांच्याजवळ न जाता जरा लांबच उभा राहिलो, एवढं शहाणपण त्या वयातही मला होतं, याचं अजून बरं वाटतं.