खिडकीतली आई

ताईच्या घरात आईचा फोटो खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला असतो. वारा आला की आई हलते. घर भाड्याचं आणि मालकाला भिंतीत खिळा चालत नाही. "भोक भिंतीला पडतं, पण दुखतं त्याला," ताई हसून म्हणते. दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि आई नव्या खिडकीत जाऊन बसते.

परवा पाहिलं, तर उन्हाने फोटोतलं कुंकू पुसट झालं होतं.

माझ्या घरात खिळेच खिळे. काहींवर तर काहीच टांगलेलं नाही. लोक विचारतात, एका पगारात फ्लॅट कसा जमला? मी नुसता हसतो. पगारात जमलाच नसता. गावच्या जमिनीतला आपला हिस्सा ताईने माझ्यासाठी सोडला, म्हणून जमला. इतकी वर्षं मला कुणी 'घर रिकामं करा' म्हटलेलं नाही, ते तिच्यामुळे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

परवा सांगितलं. "ताई, माझं घर तुझ्यामुळे झालं गं."

ती चहा गाळत होती. "केस पिकेपर्यंत थांबलास की रे!" मग गाळणी बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "आईला घेऊन जा तुझ्याकडे. ऊन सोसत नाही तिला."

फोटो आणलाय, पण अजून लावलेला नाही. रिकामे खिळे आहेत, पण ते मी ठोकलेले. रविवारी ताई येणार आहे. हातोडी काढून ठेवलीय. भिंत तिने निवडायची आणि खिळाही तिनेच ठोकायचा.