खिशात कांदा आणि घरात अस्वल

बसा बावा, चहा येऊन राहिला. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हसाचं असंन तं माझ्या तोंडावर हसा. मागून हसाले आमची बायको आहे, तिचा तो कार्यक्रम वर्षभरापासून सुरूच आहे.

मी भित्रा माणूस आहे, हे तुम्हाले माहीत होतं. पण इतका भित्रा असंन, हे मलेही माहीत नव्हतं!

तं माझा धंदा तुम्हाले ठाऊकच आहे. नंदनवनात घर अन् लकडगंजात कूलरचं दुकान. मोटर, पंप, वाळ्याच्या ताट्या, सगळं ठेवतो. दुकान आता पोरगा पाहते, तिथंच वरच्या माळ्यावर राहते. पण माझी सारी उमर त्यात गेली. आजही लोक फोनवर मले नुसता कूलरचा आवाज ऐकवतात अन् मी इथून सांगतो, "भाऊ, मोटरचा बुश गेला," नाही तं, "पाखा जाळीले घासून राहिला." डॉक्टर नाडी पाहते तसा मी कूलर ऐकतो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात पडंन.

अन् गंमत पाहा, ज्या उन्हावर माझं पोट भरते त्याच उन्हाले मी भेतो. साधं नाही, चळाचळा कापतो! एका मे महिन्यात गच्चीवर कूलर बसवता बसवता मले ऊन लागलं होतं. डोळ्यापुढं अंधारी आली, जीभ टाळूले चिकटली, दवाखान्यात सलाईन लागली. मले वाटलं, संपला माणूस. तेव्हापासून होळी पेटली का माझा बंदोबस्त सुरू होते. डोक्याले शेला, हातात पन्ह्याची बाटली अन् खिशात कांदा. पांढरा. खिशात कांदा असला का लू लागत नाही, हे आमच्या आईनं सांगितलं होतं. लोक तो उन्हाळ्यात ठेवतात. मी बारा महिने ठेवतो. कारण भीती काही उन्हाळ्यापुरती नसते ना! आमच्या घरी शर्ट धुवाले टाकाच्या आधी शोभा, म्हणजे आमची बायको, खिसा चाचपते अन् कांदा काढून टोपलीत टाकते.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली. कूलर बंद. भिंतीले हात लावला तं भिंत गरम, उशी गरम, नळाच्या पाण्यात चहा होऊन जाईन इतकं ते गरम.  मी पलंगावर उठून बसलो अन् जाहीर करून टाकलं, "शोभा, बस झालं. हे घर विकाचं. आपण चिखलदऱ्याले जाऊन राहू."

"कुठं?"

"चिखलदऱ्याले. थंड हवेचं ठिकाण आहे. आपल्याच विदर्भात आहे, काही परमुलूख नाही."

"अन् माझी तुळस? माझी भिशी? माझ्या मैत्रिणी?"

"तुळस तं कुंडीत आहे, नेता येते."

"मैत्रिणीही कुंडीत लावून नेता का?"

मी गरम उशी उलटी केली. पण हट्ट सोडला नाही. आता खरं सांगतो, हे घर शोभाचं आहे. कागदावर माझं असंन, पण बांधताना मी दुकानात बसलो होतो अन् तिनं डोक्यावर पदर घेऊन भिंतींवर पाणी मारलं होतं. घर विकाचं ऐकून ती त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मले ऐकू आलं. पण भीतीपुढं माणूस आंधळा होते हो! लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी घर घ्याले एका पायावर तयार होते. मीनं त्यांना शब्दही देऊन टाकला असता.

मग शोभानं अट टाकली. "श्रावणात आठ दिवस तिथं राहून पाहू. माझ्या तोंडातून एकदा जरी 'नागपूरले चला' निघालं, तं खुशाल घर विका. पण तुमच्या तोंडातून निघालं, तं या घराचं नाव पुन्हा काढाचं नाही. मंजूर?"

"मंजूर!" मले तं हसूच आलं. मी कायले नागपूर म्हणतो? माझं काय डोकं फिरलं?

ओळखीतून एक छोटी बंगली भेटली. गावापासून थोडी बाजूले, मागं सारं जंगल. पहिल्या दिवशी मी दारात उभं राहून छाती भरून हवा घेतली. काय ती हवा! श्रावणात स्वेटर घातलं मीनं, स्वेटर! नागपूरच्या चार लोकांना फोन करून सांगितलंही, "थंडी वाजून राहिली गा." खिशातला कांदा मात्र काढला नाही. सवय आहे.

वळणावर किसनभाऊची चहाची टपरी होती. संध्याकाळी तिथं चहा घेतला, माझ्या कूलरच्या दुकानाच्या गप्पा मारल्या, तं तो म्हणे, "काकाजी, अंधार पडल्यावर हिंडू नका."

"काहून गा?"

"अस्वल फिरून राहिलं इकडं. परवा तुमच्याच बंगलीच्या कुंपणाजवळ दिसलं."

"मोठं आहे का?"

"आता मी काही मोजाले थांबलो नाही, काकाजी."

झालं! माझा चहा तिथंच गार झाला.

अन् दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं. तुम्ही धुकं फोटोत पाहिलं असंन. फोटोत बरं दिसते. ऊन कसं असते, समोरून येते, सांगून येते, पेपरात छापून येते. धुक्याचं तसं नाही. आपल्या पायातली चप्पल दिसत नाही! समोर झाड आहे का अस्वल आहे, हे जवळ गेल्याशिवाय समजत नाही. अन् जवळ कोण जाईन?

त्याच्यावर कडी म्हणजे शांतता. आपण नागपूरची माणसं, आपल्याले कूलरच्या आवाजात झोपाची सवय. इथं कूलर नाही, गाडी नाही, शेजाऱ्याचा टीव्ही नाही. कुठं पान पडलं तरी ऐकू येते. मी अंथरुणात कान टवकारून पडलेला. आता खिडकी वाजली, आता कौल वाजलं, आता कुंपणाजवळ कोणी श्वास घेऊन राहिलं. शोभाही कूस बदलून राहिली. दोघंही जागे, अन् दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेले.

सकाळी ती गोड आवाजात विचारे, "काही म्हणता का?"

नागपूर अगदी दातापर्यंत येई. मी ते गिळे अन् म्हणे, "हवा छान आहे." अन् दात कडकड वाजत. थंडीनं नाही हो!

असे तीन-चार दिवस निघाले. माझे डोळे आत गेले. दिवसाही मी दाराले कडी लावून, मागं खुर्ची टेकवून बसू लागलो. अन् एका दुपारी घरातलं दूध संपलं. शोभा म्हणे, "तुम्ही दूध घेऊन या, मी जरा पडते." आता जातो म्हणलं तं बाहेर अस्वल, अन् जात नाही म्हणलं तं अट हरलो. शेवटी खिशातला कांदा घट्ट पकडून निघालो. रामाचं नाव घेत टपरीवर गेलो, दूध घेतलं, तसाच परत आलो. धुकं इतकं दाट का बंगली हात लागला तेव्हा दिसली.

अन् तेवढ्यात आवाज आला.

घूंऽऽऽ… खर्रर… फुस्स. घूंऽऽऽ… खर्रर… फुस्स.

आतून. घराच्या आतून!

माझ्या अंगावरचा केस अन् केस उभा राहिला. हातातलं दूध पडलं. अन् शोभा आत! एकटी, झोपलेली!

आता हसू नका. त्या वेळेस मले ना घर आठवलं, ना अट आठवली. तिचा चेहरा आठवला फक्त. या माणसानं आपल्या बायकोले तिच्या भरल्या घरातून उचललं अन् इथं अस्वलाच्या तोंडी आणून दिलं, असं वाटलं.  मन म्हणे, आत जा. पाय म्हणे, आम्ही येत नाही. अन् पाय जिंकले! मी टपरीकडं जो पळत सुटलो, तो एक चप्पल कुठं गेली तेही समजलं नाही.

"किसनभाऊ! अस्वल! घरात! बायको आत!"

किसनभाऊनं भज्यांची कढई उतरवली, हातात झारा घेतला. टपरीवरचे दोन टॅक्सीवाले उठले. कोणी पत्र्याचा डबा घेतला, कोणी काठी, एक बाई मुसळ घेऊन आली. पाहता पाहता वरात जमली. सगळे बंगलीपुढं येऊन थबकले. आवाज सुरूच. घूंऽऽऽ… खर्रर… फुस्स.

"एवढा आवाज एका अस्वलाचा नसते," एक टॅक्सीवाला हळूच म्हणे.

तेव्हा मी काय केलं असंन? मी कान लावला. शेवटी मी आवाजातला माणूस! नीट ऐकलं अन् सगळ्यांना सांगितलं, "दोन आहेत. एक घूं करून राहिलं, ते मोठं आहे. दुसरं खर्र करते, ते म्हातारं आहे. त्याची छाती भरलेली आहे."

लोक माझ्याकडं आदरानं पाहाले लागले. अन् दोन पावलं मागंही सरकले.

"शोभा!" मी ओरडलो. "हलू नको वं! आम्ही आलो!"

किसनभाऊनं झाऱ्यानं डबा बडवाले सुरुवात केली. धडाड धडाड! बाईनं दगडावर मुसळ आपटलं. अन् एकदम दार उघडलं.

दारात काळं, केसाळ, डोक्यापासून पायापर्यंत एकच ढिगारा! धुक्यातून डुलत डुलत आमच्याचकडं निघालं!

सगळ्यात आधी काठीवाला पळाला. मग टॅक्सीवाले. मलेही पळाचं होतं, पण पायांनी आता तेही काम सोडलं होतं. मी खिशात हात घातला. हाताले लागला तो कांदा. तोच फेकून मारला अन् चिखलात मटकन बसलो. डोळे गच्च मिटले अन् बोंब ठोकली, "देवा, मले वाचव! मले नागपूरले ने! शोभा, चाल वं, नागपूरले चाल!"

ते काळं थांबलं. खाली वाकलं. काहीतरी उचललं.

"कांदा कोणी मारला?"

त्यानं कांदा डोळ्यापुढं धरला.

"पांढरा कांदा आहे," ते म्हणालं. "अहो! कुठं बसले आहात तुम्ही?"

शोभा! बंगलीतलं काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन उभी होती, बिचारी थंडीनं कुडकुडत.

किसनभाऊ ओरडला, "काकी, इकडं या! आत दोन अस्वलं आहेत!"

"आत कोणीच नाही. मी आहे अन् माझी झोप होती, तीही तुम्ही मोडली."

"मग हा आवाज?"

शोभा आत गेली अन् हातात एक छोटा स्पीकर घेऊन आली, पोरानं तिले भजनासाठी घेऊन दिलेला. त्याच्यातून घूंऽऽऽ सुरूच होतं. "बावा, मले कूलरशिवाय झोप येत नाही. म्हणून निघाच्या आधी आमच्या बेडरूममधल्या कूलरचा आवाज दुपारी फोनमध्ये भरून आणला. यांच्यासमोर लावला असता तं म्हणाले असते, नागपूर आठवून राहिलं. म्हणून हे दुधाले गेले तेव्हा लावला."

सगळे माझ्याकडं वळले. मी चिखलातच होतो.

"काकाजी," किसनभाऊ म्हणे, "तुमचं कूलरचंच दुकान आहे ना?"

मेल्यापेक्षा मेलो! पण धंद्याची इज्जत होती हो. मी उठलो, पायजमा झटकला. "हे पाहा, घूं आहे तो कूलर, मान्य. आमचाच आहे, त्याचा बुश गेला आहे, दोन वर्षांपासून शोभा सांगून राहिली. पण मधातलं ते खर्रर फुस्स? साऱ्या उमरभर मी कूलर ऐकले. असा आवाज कोणत्याच कूलरमधून येत नाही. हे जनावरच आहे!"

"बरोबर आहे," शोभा म्हणे. "तो कूलर नाही."

तिनं स्पीकर वर धरला. सगळे जवळ आले, पळालेलेही परतले. खर्रर… फुस्स. खर्रर… फुस्स. मग ते खर्र एकदम अटकलं, कोणीतरी मचमच तोंड वाजवलं, जांभई दिली, अन् अस्वल स्वच्छ मराठीत बोललं,

"शोभा, चहा टाक वं."

आवाज माझाच होता.

किसनभाऊ तं हसता हसता खालीच बसला, झारा कुठं अन् डबा कुठं. शोभा हसली नाही. तिनं घोंगड्यातून हात काढून मले धरलं, कांदा माझ्या खिशात परत ठेवला अन् म्हणे, "चला. तुम्हीच म्हणालात. नागपूरले जाऊ, चहा तिथंच टाकते."

तं घर आहे तिथंच आहे. लाकडाच्या व्यापाऱ्यांना मी स्वतः जाऊन नाही म्हणून आलो. यंदाच्या मे महिन्यात भिंती पुन्हा तापल्या, मी पुन्हा थरथर कापलो, पण तोंडातून चिखलदरा काढला नाही. कूलरचा बुश अजून बदलला नाही, शोभा बदलू देत नाही. म्हणते, आवाज राहू द्या, ओळखीचा झाला.

घ्या, आला चहा. मी मागितला नव्हता हं! आजकाल मी या घरात चहा मागतच नाही. मागितला का आतून विचारणा होते, "कोणाले पाहिजे? माणसाले का अस्वलाले?"