बालाजीरावांचा पेंढा

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कामाक्षीबाई दर नवरात्रात कोलू मांडतात. सात पायऱ्या, एक्केचाळीस बाहुल्या. मांडायच्या बाईंनी आणि बांधून ठेवायच्या बालाजीरावांनी, अशी लग्नापासूनची वाटणी. बँकेत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला हा गृहस्थ एकेक बाहुली अशी बांधायचा, जणू ती बोटीनं लंडनला निघालीय. वर्तमानपत्राची शाई बाहुल्यांच्या गालांना लागते, म्हणून कागद त्यांना वर्ज्य. तंजावरकडून भाताचा पेंढा यायचा, दर वर्षी नवा. जुना टाकून द्यायचा.

गेल्या दसऱ्याला त्यांनी बाहुल्या बांधल्या, आणि पोंगलच्या आत स्वतःच गेले.

यंदा बाहुल्या सोडताना बाईंनी पेंढ्याची काडीही टाकू दिली नाही. सगळा पोत्यात भरून स्वतःच्या खाटेखाली ठेवला.

"अत्ते, काय करायचंय त्याचं?" सून शरण्यानं विचारलं.

"ह्यांच्या हातचा आहे. परत त्यातच बांधू."

तिसऱ्या दिवशी हातांवर, मानेवर, पोटावर लाल पुटकुळ्या उठल्या. कोलू बघायला आलेल्या बायकांना तांबूल देताना बाई पदराआड खाजवत होत्या. शेजारच्या सुंदरीनं ते पाहिलं आणि हातच जोडले. "मारियम्मा आलीय घरात! औषधाला शिवू नका."

झालं. अंगावर पुरळ उठलं की ही देवी आली, असं मानतात; खाटेवर कडुनिंबाचा पाला पसरला, घरातलं तळण बंद झालं, आणि देवीचा मान राखत बाई त्याच खाटेवर, पोत्याच्या बरोबर वर, पडून राहिल्या. देवी तरी कशाला हलतेय?

मग आजीच्या कुशीत निजणारी पाच वर्षांची सौम्याही खाजवू लागली. शरण्यानं देवीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि दोघींना रिक्षात घातलं.

त्वचेच्या डॉक्टर अलमेलूंनी भिंगातून पुटकुळ्या पाहिल्या. "ताप नाही ना? मामी, घरात जुनं धान्य, गवत, पेंढा असं काही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

शरण्यानं सासूकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सौम्याचा फ्रॉक वर केला. पाठीवर नखांचे ओरखडे होते, दोन ठिकाणी रक्त साकळलेलं. बाईंनी मान फिरवली, पुन्हा वळून पाहिलं.

"आहे. पेंढा आहे."

"जुन्या पेंढ्यात किडे होतात, आणि त्या किड्यांवर जगणारे माइट्स. डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाला चावतात, पण अंगावर राहत नाहीत. पेंढा घालवा, कपडे कढत पाण्यात धुवा. मलम देते. आठ-दहा दिवसांत खाज जाईल."

घरी शरण्या पोत्याला हात लावायला गेली.

"तू नको. चावतील." बाईंनी पोतं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं, आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीपर्यंत स्वतः नेलं. गाडी वळेपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहुल्या उतरवल्या. शरण्यानं वर्तमानपत्रं आणली, आणि काही आठवून खाली ठेवली. बाई उठल्या. पोंगलपासून कुणाला उघडू न दिलेलं कपाट त्यांनी उघडलं. आत बालाजीरावांच्या धोतरासारख्या पांढऱ्या वेष्ट्या, घडीवर घडी.

"अत्ते, ह्या फाडायच्या?"

"मग काय, तू नेसणारेस?"

पहिली वेष्टी फाडताना त्यांचा हात अडला. मग एका दमात फाडली.

"पायाकडनं गुंडाळ. गाठ पाठीवर येऊ दे, ह्यांची तशीच असायची."

चौदाव्या बाहुलीला बाईंचा दंड खाजला. त्यांनी जरा खाजवलं, आणि पंधरावी पुढ्यात ओढली.