तीन मारियांच्या वर

समजा, तुमच्यासमोर माणसाच्या उंचीची एक दुर्बीण आहे. तिला मोटर नाही, बटण नाही. लाकडी बैठकीवर ठेवलेली जाडजूड नळी, हाताने ढकलायची. मागे अंधारात तीस माणसं उभी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावलेला नाही. तुम्हाला आकाशातला एक धुरकट ठिपका पकडायचा आहे. नळी केसभर जास्त सरकली की ठिपका गेला, कमी सरकली तरी गेला. सापडलाच, तर हात असा काढायचा की नळीला कळू नये. मग बाजूला होऊन पहिल्या माणसाला म्हणायचं, "या. कशालाही धरू नका, फक्त डोळा लावा." आणि तो माणूस हमखास दोन्ही हातांनी नळीला मिठी मारतो. पुन्हा पहिल्यापासून.

एर्सिलिया कार्वाहाल हे काम उन्हाळाभर, म्हणजे डिसेंबर ते मार्च, आठवड्यातले सहा दिवस करते. दक्षिण गोलार्धात, विकुन्या गावाच्या पुढे, एल्की नदीच्या खोऱ्यात, टेकडीवर नवशिक्यांसाठी एक लहान वेधशाळा आहे, तिथे. वय एकसष्ट. त्याआधीची तीस वर्षं तिने खाली द्राक्षाच्या मळ्यांत काढली. कात्री घेऊन घडातले दाटीचे मणी विरळायचे, शेजारच्या मण्याला ओरखडाही न काढता. तो हात आता दुर्बिणीला उपयोगी पडतो. फाटकावर तिकिटं बघणारा बाल्दोमेरो तिला म्हणतो, "एर्सिलियाबाई, तुमचं काही सांगता येत नाही. एखाद्या दिवशी दाटी झाली म्हणून तारेही खुडाल."

ती इथे आली ती मुळात झाडलोट करायला. तिचा मुलगा एलिसेओ कामासाठी स्वीडनला, गोथेनबर्गला गेला आणि तिथलाच झाला. त्याला मुलगी झाली, सिग्ने. आता ती सात वर्षांची आहे आणि आजीने तिला अजून हात लावलेला नाही. भेट दोनदा ठरली आणि दोनदा राहिली. फोनवर बोलायचं तर काय बोलायचं? पोरीला आजीची भाषा अडखळत येते. आजीला बर्फ ठाऊक नाही, पोरीला द्राक्षाचा मांडव ठाऊक नाही. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "मासे." संपलं.

मग एका रात्री झाडलोट आटोपल्यावर तिने दुर्बिणीला डोळा लावला, आणि तिला वाटलं, हे दोघींचं असू शकेल. ती शिकत गेली. आपला दक्षिणेचा क्रूस हा तारकासमूह तिकडे कधीच दिसत नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण तीन मारिया तिकडेही दिसतात. एका ओळीत, सारख्या अंतरावर उभे असलेले ते तीन तारे खोऱ्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. त्यांच्या जरा वर एक धुरकट ठिपका आहे. तो खरं तर ढग आहे, आणि त्या ढगात नवे तारे जन्मतात. एर्सिलियाने ठरवलं, हा ढग सिग्नेला, म्हणजे तिच्या लाडक्या सिग्निताला, द्यायचा. वाढदिवसाला तिने एक लहान दुर्बीणही पाठवली.

अडचण एकच. तिकडची रात्र चार तास आधी येते. पोर अंगणात उभी राहून आकाश बघते तेव्हा आजीकडे भर दुपार असते, आणि आजीचं आकाश ताऱ्यांनी उजळतं तेव्हा पोर झोपलेली असते.

त्या दिवशीही दुपारी चारला एर्सिलिया मांडवाखाली फोन घेऊन बसली होती. पडद्यावर लोकरीची टोपी आणि तोंडातून निघणारी वाफ.

"आजी, तीन मारिया दिसल्या."

"शाब्बास. आता वर जा. सरळ वर, हळूहळू."

"गेले."

"काय दिसतं?"

"काळं."

"नीट बघ, पोरी. थेट बघू नकोस, जरा कडेला बघ. असं अंधुक काही असलं की ते कडेने दिसतं."

"कडेलाही काळंच आहे."

या हिवाळ्यातली ही तिसरी खेप. सिग्ने बापाकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. पडद्यावर एलिसेओ आला.

"आई, जाऊ दे आता. उणे आठ आहे इथे. शहराच्या दिव्यांत दिसत नसेल."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"एलिसेओ, मी तुला जन्म दिलाय. काय म्हणाली?"

"म्हणाली, आजीने मनाने रचून सांगितलंय. पुढच्या वेळी मला बोलवू नका."

एर्सिलिया संध्याकाळी टेकडीवर चढली ती याच ओझ्यासकट. दहाच्या पुढे अंधार दाटला. बाल्दोमेरोने लाल कागद गुंडाळलेली बॅटरी दाखवत पाहुण्यांना वर आणलं. एर्सिलियाने उत्तरेला तोंड करून तीन मारिया दाखवल्या, वरचा ढग पकडला आणि रांग लावली.

रांगेत उटे नावाची एक जर्मन बाई होती, शाळेतून निवृत्त झालेली. तीन मारियांभोवतीचं नक्षत्र दाखवत मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, "हा आमचाच शिकारी. पण इथे पाय वर करून डोक्यावर उभा आहे."

"डोक्यावर तुम्ही उभ्या होतात, बाई. इथे येऊन सरळ झालात," एर्सिलिया म्हणाली. हा विनोद ती रोज करते. लोक रोज हसतात.

उटेही हसली. मग मागच्या माणसाला समजावताना तिने हवेत तीन ठिपके काढले. "हा त्याचा पट्टा. आणि हा ढग जिच्यात आहे ती तलवार अशी, खाली लटकते आमच्याकडे." तिचा हात पट्ट्यापासून खाली आला. एर्सिलिया त्या हाताकडे बघत राहिली.

"बाई, काहीच दिसत नाही हो," दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस म्हणाला. ठिपका केव्हाच सरकून गेला होता.

तिने तो परत आणला आणि बाल्दोमेरोला हाक मारली. "दहा मिनिटं सांभाळ हिला."

"मी? मला चंद्र सापडायची मारामार."

"ढग सापडलेला आहे. दर मिनिटाला डावीकडे ढकल फक्त."

"किती?"

"मण्याएवढं. अरे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझा. रोज परक्यांना सांगते, तिकडे सगळं उलटं दिसतं म्हणून. आणि स्वतःच्या नातीला तीन वेळा वर पाठवलं. त्यांच्याकडे तो ढग खाली असतो."

बाल्दोमेरोने नळी मण्याएवढी ढकलली. "मग पोर खरी आहे तुमची. नाही ते दिसलं म्हणाली नाही. आपल्या पाहुण्यांना दुर्बिणीचं झाकण न काढता दाखवलं तरी वा वा म्हणतात."

ती पायवाटेने पाण्याच्या टाकीमागे गेली. फोनवर पावणेअकरा. तिकडे पावणेतीन. तिने निरोप बोलायला घेतला, पुसला, पुन्हा घेतला. पहिल्या खेपेला ती फार समजावत होती, दुसऱ्या खेपेला नुसती माफीच मागत राहिली. तिसऱ्यांदा तिने सरळ सांगितलं.

"सिग्निता, आजी बोलतेय. तू बरोबर होतीस. वर काहीच नाही. मी इथून वर म्हणते ते तुझ्याकडे खाली असतं, आणि ते मला ठाऊक असून मी विसरले. चूक माझी, तुझ्या डोळ्यांची नाही. तुला परत जायचं नसेल तर जाऊ नकोस. गेलीस तर तीन मारियांच्या खाली बघ."

एवढ्यावर थांबायचं होतं. पण समोर तीन मारिया लखलखत होत्या, आणि तिच्या मनात आलं, संध्याकाळी त्यांच्याकडे उगवलेल्या या तिघी आत्ता तिकडे पश्चिमेला कलल्या असतील. अजून मावळल्या नसतील, कदाचित पोर झोपलीय तिथूनही दिसत असतील. सात वर्षांत तिने त्या घराचा फोनमध्ये दिसेल तेवढाच तुकडा पाहिला होता. सोफा, दिवा, टोप्या टांगलेली भिंत. बोट अजून बटणावरच होतं.

"आणि एक सांग मला, पोरी. तू झोपतेस त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे?"