मशीनला जवसाचं तेल

हिरालालकाकांच्या समोरच्या खोलीत माणसाला बसायला जागा नाही. पाहुणा आला तर उंबऱ्यावर टेकतो, नाहीतर शेजारी माझ्याकडे येतो. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच आहे. त्या खोलीत सिनेमाची मशीन उभी आहे, लोखंडी पायाची, काळी, माणसाच्या उंचीची. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये काका छत्तीस वर्षं तिच्या मागे उभे राहिले. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी ती टॉकीज बंद पडली. मालकाने थट्टेत म्हटलं, "घेऊन जा तुही बायको." आणि या बाबाने तिला खरंच ट्रॅक्टरवर घातलं आणि वरठीला आणलं! दारातून जाईना म्हणून चौकट काढली, मशीन आत घेतली आणि चौकट पुन्हा सिमेंटने पक्की केली. आता ती बाहेर काढायची तर भिंत फोडावी लागेल.

खरी बायको, म्हणजे पार्वताकाकू, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं पाहत होती. हे मला चांगलं आठवतं. मी तेव्हा नुकतीच ब्लाऊज शिवायला लागले होते.

मशीनची सेवा दर रविवारी. आंघोळ करून काका आधी कोरड्या फडक्याने तिला पुसायचे. रीळ जिथून सरकतं त्या फटीला गेट म्हणतात. तिथे नखाएवढाही मळ राहिला तर रिळावर ओरखडा उठतो, म्हणून ती फट मऊ कापडाने. मग तेल. मशीनला अकरा भोकं. प्रत्येकात दोन थेंब, तिसरा नाही, कारण तिसरा थेंब वाहून रिळाला लागतो. शेवटी बाजूचं चाक हाताने शंभर वेळा फिरवायचं. एवढं सगळं करून दाखवायला रीळ किती, तर एक! कुठल्याशा सिनेमाचं मधलंच. गल्लीतल्या सगळ्यांनी त्यातली मारामारी दहादा पाहिली आहे, पण ती का सुरू झाली आणि कोण जिंकलं, ते कोणालाच माहीत नाही.

मला त्या माणसाचा राग यायचा. तो वाईट माणूस नाही, म्हणून जास्तच यायचा. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. फक्त घर सोडायचं नाव काढायचं नाही. "आठ दिवस फिरवली नाई का जाम होते," हे उत्तर लग्नालाही आणि मयतीलाही. सकाळी गेले की संध्याकाळी परत. काकूने एकटीने जावं म्हणाल, तर काकांना शुगर आहे, रोजची सुई काकूच टोचते.

"मशीनचे अकरा भोकं पाठ हायेत," काकू म्हणायची, "साखरीचा डबा कोठी हाय थे मालूम नाई."

त्यांची एकुलती लेक मोनिका भुसावळला असते. जावई रेल्वेत. त्यांनी तिथे घर बांधलं तेव्हा आईबाबांसाठी खाली एक खोली काढली. दोन वर्षं ती खोली रिकामी होती. काकूने ती मोबाइलवर इतक्यांदा पाहिली होती की पलंग कोणत्या भिंतीला लावायचा, नातीचं दप्तर कुठे टांगायचं, हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. तिला दुसरं काही नको होतं. लुगडं नको, सोनं नको. त्या खोलीत जायचं होतं, आणि नवऱ्याला घेऊन जायचं होतं.

एकदा तिने सरळ विचारलं, "चला न जी. कायमचं जाऊ."

"मशीन कोन पाहीन?"

"भंगारात द्या."

काका दोन दिवस जेवले नाहीत. काकूने पुन्हा विषय काढला नाही. पण त्यानंतर तिचं बोलणंच कमी झालं. दुपारी माझ्याकडे यायची, हुकं लावून द्यायची आणि भिंतीकडे पाहत बसायची. पलीकडून चाक फिरल्याचा आवाज आला की ती डोळे मिटून घ्यायची.

मार्चमध्ये काका स्टुलावरून पडले. वरचं भोक नीट दिसावं म्हणून चढले होते. मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी घातली आणि डॉक्टरने दोन महिने पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. शुद्धीवर आल्यावर काकांचा पहिला प्रश्न होता, "रविवारचं तेल कोन देईन?"

"मी देतो," काकू म्हणाली.

घरी आल्यावर काकांची खाट मागच्या खोलीत टाकली. तिथून मशीन दिसत नव्हती, पण रविवारी ते कान लावून बसायचे. "चौथ्या भोकात टाकलं का? दोन थेंब?" काकू समोरच्या खोलीतून हो म्हणायची. पहिला रविवार असा गेला. दुसऱ्या आठवड्यात काकांची तेलाची बाटली संपली. एरवी संपली की काकू माझ्या खिडकीतली शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उचलून न्यायची; काकांना वाटायचं, बाजारातून आणली. या वेळी ती आली नाही, म्हणून मीच बाटली घेऊन गेले.

काकू मशीनपाशी उभी होती. हातात स्टीलची वाटी आणि काकांची तेलाची पिचकारी. वाटीत जवसाचं तेल होतं, कढवलेलं, अजून कोमट. त्या घरात भाजीसुद्धा जवसाच्याच तेलात होते, त्यामुळे मागच्या खोलीत काकांना वास वेगळा वाटला नसावा.

"काकू, हे काय करून राहिल्या?" मी हळू आवाजात विचारलं.

ती दचकली नाही. काकू लाखनीकडच्या शेतकऱ्याची लेक. "माह्या माहेरी बैलबंडीच्या लाकडी चाकाले हेच लावते," ती म्हणाली. "कढवून. उन्हात वाळलं का असं घट्ट बसते, निघत नाई."

"काकांना कळलं तर मरतील."

"मशीन मरन. तेलानं मानूस नाई मरत. मंग मी त्याले घेऊन भुसावळले जाईन."

मी माझी बाटली तशीच परत आणली. खरं सांगते, मला आनंद झाला. या घरात निदान एक दार उघडतंय असं वाटलं, आणि ते उघडताना मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

काकूने एकही रविवार चुकवला नाही. अकरा भोकं, आणि थेंबांची मोजदाद सोडून दिलेली. वरठीचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, एप्रिल सरता सरता टिनाखालची खोली दुपारी भट्टी होते. चाक आधी जड झालं. मग दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. मेमधले शेवटचे दोन रविवार ते हललंच नाही. तेव्हा ठरल्याप्रमाणे काकूने भिंतीवर दोनदा थापटलं आणि काकांना चाकाचा आवाज वाटावा म्हणून मी इकडे माझी शिलाई मशीन रिकामी पळवली.

"आवाज बारीक येऊन राहिला व," मागून काका म्हणाले.

"तेल चांगलं पडलं न," काकू म्हणाली.

तिने दोन ट्रंका भरल्या. माझ्या घरून मोनिकाला फोन करून जूनची तिकिटं काढायला सांगितली. बाबांची मशीन आता चालत नाही, आता ते येतील, असं ती मोकळ्या आवाजात बोलली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. काकांना काय सांगायचं तेही तिने ठरवलं होतं. खोटं बोलणार नव्हती. मीच टाकलं, म्हणणार होती. काय करायचं ते करा, पण चला.

मेच्या शेवटी काका वॉकर धरून उभे राहिले आणि थेट मशीनपाशी गेले. मी दारात होते. त्यांनी चाकाला हात घातला. हललं नाही. वॉकर सोडून दोन्ही हात घातले. मग बाजूची झडप उघडली. आतल्या दातेरी चाकांवर पिवळी खरपुडी जमली होती. त्यांनी ती नखाने खरवडली, नाकाशी नेली.

"जवस," ते म्हणाले.

काकू ताठ उभी होती. काका भरलेल्या ट्रंकेवर बसले आणि रडायला लागले. तोंड लपवलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि काकूकडे वर पाहिलं.

"बाटलीतलं सरलं असन," ते म्हणाले. "मले एकट्याले टाकून तू बजारात कशी जाशीन? घरात होतं थे टाकलं. तुही का चूक, पार्वता? तुले का मालूम, जवस जमते म्हनून." मग तिचा हात धरून म्हणाले, "पन रविवार एकबी चुकवला नाई तुनं."

काकूने दुसऱ्या हाताने वॉकर त्यांच्याजवळ ओढला.

दुसऱ्या दिवसापासून मशीन उघडली गेली. परातीत रॉकेल, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि एकेक चाक सोडवायला चार-चार दिवस. काकांचा पाय वाकत नाही, म्हणून ते स्टुलावर आणि काकू खाली जमिनीवर, परातीपाशी. ती घासते, ते उजेडाकडे धरून पाहतात. किती दिवस लागतील, मी विचारलं. "साल लागन. दोन बी लागन," काका म्हणाले, आणि तोंडावर असा उत्साह, की टॉकीज बंद पडल्यापासून मी तो पाहिला नव्हता. मोनिकाने तिकिटं रद्द केली.

परवा काकू हात धुवायला माझ्या मोरीवर आली. रॉकेलने बोटांची सालं निघाली होती. मला राहवलं नाही.

"काकू, सांगून टाका न खरं. सांगा अन् जा."

तिने पुन्हा साबण घेतला.

"एक शिवी देली असती न त्यानं, कीर्ती," ती म्हणाली, "त्याच दिवशी गेली असती मी. सुई टोचाले बी शिकला असता. त्यानं तं माफ केलं व मले. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

भिंतीपलीकडून काकांनी हाक मारली, "पार्वता, बारका पाना दे व."

"आली जी," ती म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसत गेली.