मांजरीच्या बाईंचा मुलगा बोलला

येरवड्यातल्या स्वमग्न मुलांच्या ज्या केंद्रात माझ्या मुलीची थेरपी चालते, तिथे मुलं आत आणि आम्ही आया बाहेर बाकावर. क्वचित एखादे वडील असतात, ते मोबाईलमध्ये असतात. या बाकाची एक रीत आहे. नवी आई आली की तिला कोणी नाव विचारत नाही. विचारतात, "तुमचा काय करतो?" मग तिनं सांगायचं. आमचा भिंत चाटतो. आमची पंख्याकडे बघून हसते. आमचा फक्त कुरकुरीत खातो, मऊ काही जिभेला लागलं की ओकतो. पहिल्या दिवशी हे सांगताना रडू येतं, नंतर चढाओढ लागते. एकीनं सांगितलं, तिचा मुलगा घरातल्या सगळ्या चपला नेऊन बेसिनमध्ये ठेवतो. त्यावर डेक्कनहून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "चपलांचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे सासऱ्यांची कवळी कमोडमध्ये गेली." सगळ्या पोट धरून हसल्या.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याचंही मला वाईट वाटायचं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बोलत नाही. गमतीचंही काही करत नाही. माझ्या ओढणीचं टोक बोटांवरून फिरवत कोपऱ्यात बसते आणि दूध-पोळी खाते. तिन्ही वेळा दूध-पोळी, वर एखादं केळं, बाकी कशाला तोंड लावत नाही. काही हवं असेल तर मागत नाही, रडते. कशासाठी रडते ते आम्ही ओळखायचं.

मला इतरांचा हेवा वाटायचा. सरळच लिहिते, आमच्या घरात आडून लिहायची पद्धत नव्हती. बाबा पत्रकं काढायचे. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, वस्तीतल्या पाणीकपातीविरुद्ध. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली, आणि स्वारगेटला बाबांच्या शेजारी उभी राहून ती वाटलीसुद्धा. बुवाबाजीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत विचारलेलं असायचं: पुरावा काय? अशा घरातली मी. बाकावर बसून मी आयांना सांगते की आपण एकत्र येऊन महापालिकेकडे शाळा मागितल्या पाहिजेत, मदतनीस मागितले पाहिजेत. ते मी मनापासून सांगते. आणि त्याच वेळी शेजारणीच्या मुलानं बाहेर येऊन तिच्या डोळ्यांत बघितलं की मी तोंड फिरवते.

सगळ्यात जास्त हेवा मला मांजरीच्या बाईंचा वाटला. त्या माझ्याहून लहान, मांजरी गावाहून दोन बस बदलून यायच्या. घरचा ऊस होता, त्यातला काही आता इमारतींखाली गेला होता. त्यानं अशी मुलं बोलू लागतात, असं कोणा नातेवाइकानं सांगितल्यावरून त्यांनी मुलाचा गहू आणि दूध बंद केलं. होळीच्या सुमारास एकदा त्या आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "आई म्हनला."

बाक उठून त्यांच्याभोवती गोळा झाला. भाकरी ज्वारीची का बाजरीची, दूध कशाचं देता, बिस्किटांचं काय केलं, किती दिवस त्रास दिला, सगळं विचारून झालं. शेंगदाणे भिजवून वाटून त्याचं दूध कसं गाळायचं हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं की थेरपीही चालू आहे, मूल मोठंही होतंय, मग गहू बंद केल्यामुळेच बोलला हे कशावरून? केंद्रातल्या डॉक्टरबाईंनीही बजावलं होतं की जी मुलं दोनच पदार्थ खातात त्यांचा एक पदार्थ आम्हाला विचारल्याशिवाय काढू नका.

"तुम्ही पत्रक काढा," डेक्कनच्या बाई म्हणाल्या. "आम्ही भाकरी करतो."

मांजरीच्या बाई हसल्या नाहीत. "ताई, कशानं ते मला ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हनला एवढं खरं हाय."

माझं म्हणणं बरोबर होतं. आणि घरी जाताना मी ज्वारीचं पीठ घेतलं.

संध्याकाळी भाकरी केली, बारीक कुस्करली, शेंगदाण्याचं दूध कोमट करून तिच्या नेहमीच्या स्टीलच्या वाटीत ओतलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आयुष्यभर लोकांना समजावून समजावून त्यांचा आवाज बसलाय, पण टोमणा अजून स्वच्छ ऐकू येतो.

"पुरावा विचारणारी तू. आणि प्रयोग लेकीवर?"

मी म्हटलं, एकच वेळ देऊन बघते.

"तुला भाकरीचं काही पडलेलं नाही," ते म्हणाले. "त्या बाईला मिळालं ते तुला हवंय."

मी वाटी मुलीसमोर ठेवली. तिनं वास घेतला आणि वाटी सरकवली. मी परत तिच्यापुढे केली, तिनं परत सरकवली. आता रडणार, म्हणून मी मन घट्ट करून बसले. ती रडली नाही. उठली, फ्रिज उघडला, कोपरा कापलेली दुधाची पिशवी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आली. वाटभर दूध सांडलं. पिशवी तिनं माझ्या हातात ठेवली, माझं मनगट धरलं, दाबलं आणि थांबली.

तिनं मागितलं होतं. माझ्याकडे मागितलं होतं.

मी कणीक मळायला घेतली तर पाणीच जास्त पडलं. बाबांनी फरशी पुसली.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, तिला आवडणाऱ्या वस्तू दिसतील पण हाती लागणार नाहीत अशा ठेवा, म्हणजे ती मागत राहील. मात्र दूध-पोळी चालूच ठेवा. बाहेर येताना मी ठरवलं की बाकावर बोलायचं नाही. भाकरी आणि मागणं एका वाक्यात आलं की त्याचं काय होणार हे मला, पत्रकवाल्याच्या मुलीला, पक्कं माहीत होतं. पण वर्षभर मी त्या बाकावर रिकाम्या हातानं बसले होते. बसले आणि पहिल्यांदा तेच सांगून टाकलं. भाकरीसकट सांगितलं, खोटं बोलायचं नव्हतं म्हणून.

"बघा," डेक्कनच्या बाई म्हणाल्या. "एका वाटीत फरक."

मी समजावलं की भाकरी तिनं खाल्लीच नाही, तिला दूध हवं होतं म्हणून मागितलं.

"भाकरी दिली नसती तर मागितलं असतं का?"

नसतं, हे मला कबूल करावं लागलं. झालं. दोघीजणींनी तिथेच गहू बंद करायचं ठरवलं. मी घसा कोरडा होईपर्यंत भांडले, डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय काही करणार नाही एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. एखादी अफवा माझ्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मांजरीच्या बाई या गलक्यात नव्हत्या. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या.

"सोताहून आनली पिशवी? तुमच्याच हातात दिली?"

मी हो म्हटलं.

त्यांनी दाराच्या काचेतून आत, आपल्या मुलाकडे बघितलं. "ह्यो आई म्हनतो," त्या म्हणाल्या. "पर खिडकीकडं बघून म्हनतो. माझ्याकडं मागत काय न्हाय."

मग त्या परत माझ्याकडे वळल्या. ती नजर माझ्या ओळखीची होती, वर्षभर मी तिच्यातूनच सगळ्यांकडे बघत आले होते. त्यांचा हात हातात घ्यावा, ज्या एकजुटीबद्दल मी एवढं बोलते ती निदान एकदा दाखवावी, हे मला कळत होतं. मी फक्त म्हटलं, "मागेल हो." आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

आणि आतून मला बरं वाटलं. त्या मुलाला घेऊन बससाठी निघून गेल्या, तरी वाटत राहिलं.